संत, शुद्धिस्थान आणि मध्यस्थीचा प्रश्न

कार्यकर्त्यांशी बोलताना एक वाक्य मला वारंवार ऐकू येते : कॅथॉलिक संतांना पूजतात, प्रॉटेस्टंट पूजत नाहीत, म्हणून प्रॉटेस्टंट अधिक बुद्धिवादी. मीही एके काळी असेच बोलत असे. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनकडे जे गेले ते बहुसंख्येने महार-मांग समाजातले. त्यांच्या प्रार्थनेत संतांना जागा नाही. वसईच्या कॅथॉलिकांना मात्र संत गोन्सालो गार्सिया आपला वाटतो. वसईत जन्मलेला हा फ्रान्सिस्कन १५९७ साली जपानमध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला आणि १८६२ साली संत म्हणून घोषित झाला. एकाच मुलखातल्या या दोन ख्रिस्ती परंपरांचे भांडण नेमके कशावरून आहे, हे समजून न घेताच आपण निकाल देऊन मोकळे होतो.

आधी कॅथॉलिकांचे म्हणणे पाहू. ते म्हणतात, आराधना एकट्या देवाची. संतांचा फक्त आदर. आजारी माणूस शेजाऱ्याला म्हणतो, 'माझ्यासाठी प्रार्थना कर.' तेच आम्ही संताला म्हणतो. मरणाने मंडळी तुटत नाही. पृथ्वीवरचे, स्वर्गातले आणि शुद्धिस्थानातले सगळे एकाच कुटुंबातले. शुद्धिस्थान म्हणजे नरक नव्हे. देवाच्या मैत्रीत मेलेला, पण पुरता शुद्ध न झालेला आत्मा तेथे शुद्ध होतो आणि जिवंतांच्या प्रार्थनेने त्याला साहाय्य होते. आधार म्हणून ते मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाचा बारावा अध्याय दाखवतात. तेथे यहूदा मक्काबी मेलेल्या सैनिकांच्या पापांसाठी वर्गणी गोळा करून यरुशलेमला पाठवतो.

प्रॉटेस्टंट म्हणतात, हा ग्रंथ मूळ हिब्रू शास्त्रात नाही. त्यावरून सिद्धांत उभारता येत नाही. पौलाच्या नावे असलेल्या तीमथ्याच्या पहिल्या पत्रात देव आणि माणूस यांच्यामध्ये एकच मध्यस्थ सांगितला आहे, तो ख्रिस्त. लूकच्या सोळाव्या अध्यायात श्रीमंत माणूस आणि लाजर यांच्यामध्ये मरणानंतर ओलांडता न येणारी दरी आहे. मेल्यावर निकाल लागला. मग मिसा कशाला आणि कोणासाठी? यावर कॅथॉलिकांचे उत्तर असे, की ख्रिस्त एकमेव मध्यस्थ असूनही तुम्ही एकमेकांना प्रार्थना करायला सांगताच ना? ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती तिसऱ्याच ठिकाणी उभे आहेत. ते संतांना विनवतात, मेलेल्यांसाठी प्रार्थनाही करतात. पण रोमचा शुद्धिस्थानाचा सिद्धांत मानत नाहीत. म्हणजे हे दोन प्रश्न एक नव्हेत.

मग सोळाव्या शतकात एवढा आगडोंब का उसळला? कारण या श्रद्धेभोवती एक बाजार उभा राहिला होता. क्षमापत्राने पाप माफ होत नसे. क्षमा झालेल्या पापाची उरलेली शिक्षा कमी होई, असा सिद्धांत होता. पण सामान्य माणसाला ते पत्र मेलेल्या आईबापांच्या सुटकेची पावती म्हणून विकले गेले. जर्मनीत टेट्झेलने विकलेल्या पत्रांचा निम्मा पैसा रोमच्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामासाठी होता; निम्म्यातून माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्ट आपले फुगर सावकारांचे कर्ज फेडत होता. १५१७ साली ल्यूथरने आपल्या सिद्धांतांमध्ये सामान्यांचा म्हणून एक प्रश्न मांडला : पोपला आत्मे सोडवता येतात, तर तो पैशासाठी न सोडवता दयेने सगळेच का सोडवत नाही? पुढे १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेने शुद्धिस्थान आणि संतांची विनवणी कायम ठेवली. पण त्यातली हलकी मिळकत निषिद्ध ठरवली. १५६७ साली पोप पाचव्या पायसने पैसे घेऊन दिली जाणारी क्षमा रद्द केली.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये हेच दाखवले, की जन्मापूर्वीपासून मरणानंतरपर्यंत भटजीचा हात शूद्राच्या खिशात असतो. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. मेलेल्याविषयीचे दुःख हा माणसाचा सर्वांत हळवा भाग. दलाल तेथेच दुकान मांडतो.

पण येथे थांबलो तर आपण पुन्हा त्या पहिल्या वाक्यावरच येऊ. मध्यस्थ नाकारणाऱ्यांनी पुढे काय केले? १५२५ साली जर्मन शेतकरी वेठबिगारीविरुद्ध उठले तेव्हा ल्यूथरने राजेरजवाड्यांना तलवार चालवायला सांगितले. इंग्लंडमध्ये १५४७ च्या कायद्याने मेलेल्यांसाठी मिसा म्हणण्याच्या देणग्या जप्त झाल्या. शाळा आणि गरीब यांचे नाव पुढे केले गेले. बहुतेक मालमत्ता राजसत्तेच्या हाती जाऊन विकली गेली. देवाच्या दारातला दलाल गेला, पण जमिनीचा मालक जागचा हलला नाही.

आपल्या देशातही तेच झाले. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिणेतल्या अँग्लिकन मंडळ्यांना जातिभेद ताबडतोब सोडायला सांगितले, तेव्हा तंजावर आणि वेपेरीचे अनेक उच्चवर्णीय ख्रिस्ती चर्चमधून बाहेर पडले. संत त्यांनी सोडले होते, जात सोडवेना. आणि संतांना मानणाऱ्या कॅथॉलिकांनी तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर दफनभूमीत दलितांची थडगी वेगळी ठेवणारी भिंत उभी केली. तिच्याविरुद्ध दलित ख्रिस्तींना झगडावे लागले. जिवंत आणि मृत एकाच कुटुंबातले, असे शिकवणाऱ्या चर्चमध्ये मेल्यावरही शिवाशिव!

मी बौद्ध आहे. शुद्धिस्थान आहे की नाही, हा वाद मला सोडवायचा नाही. पोराच्या आजारपणात संताला साकडे घालणाऱ्या बाईला मी अडाणी म्हणणार नाही. आणि मेलेल्यासाठी काहीच करता येत नाही म्हणून मुकाट बसलेल्या प्रॉटेस्टंट बापाला कोरडाही म्हणणार नाही. मी दोघांच्याही धर्मगुरूंना एवढेच विचारीन : तुमच्या मध्यस्थीचा पैसा कोठे जातो? आणि तुमच्या दफनभूमीत भिंत आहे काय? दलित ख्रिस्ती बांधवांशी आपले बोलणे या दोन प्रश्नांपासून सुरू झाले पाहिजे.