मिठातलं न दिसणारं आयोडीन

भाताच्या पेजेत टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकला की पेज निळी-काळी होते. हा प्रयोग पुष्कळ शाळांतून करून दाखवतात. अशा वेळी एखादा चौकस विद्यार्थी विचारील, "गुरुजी, मिठाच्या पिशवीवर 'आयोडीनयुक्त' असं छापलंय. मग हे मीठ टाकून पेज निळी का होत नाही?" प्रश्न रास्त आहे. पण तेवढ्यावरून मीठ खोटं म्हणू नये.

सुटं आयोडीन वेगळं आणि संयुगात बांधलेलं आयोडीन वेगळं. १८११ साली कूर्त्वा या फ्रेंच रसायनज्ञाला समुद्रशेवाळाच्या राखेतून मिळालं ते सुटं आयोडीन. तापवलं की त्याची जांभळी वाफ होते. पेजेला निळा रंग येतो तो याच्यामुळे. पण मिठात ते टिकणार नाही, उडून जाईल. म्हणून आपल्या देशात मिठात पोटॅशियम आयोडेट हे संयुग मिसळतात. काही देशांत पोटॅशियम आयोडाइड वापरतात. परंतु दमट हवेत आणि उन्हात त्यातून आयोडीन मोकळं होऊन निघून जातं. आयोडेट आपल्या पावसाळ्यात अधिक तग धरतं.

आता हे आयोडेट ओळखायचं कसं? त्यासाठी तीन वस्तू लागतात: आयोडाइड, थोडं अम्ल आणि स्टार्च, म्हणजे आपली पेज. अम्लाच्या सान्निध्यात एक भाग आयोडेट आणि पाच भाग आयोडाइड एकमेकांवर क्रिया करतात आणि सुटं आयोडीन बाहेर पडतं. ते स्टार्चच्या साखळीच्या वेटोळ्यांत शिरून बसतं आणि निळा रंग उमटतो. नुसतं लिंबू पिळून अम्ल मिळेल, पण आयोडाइड कुठून येणार? म्हणून मीठ-लिंबाची घरगुती परीक्षा इथे फसते.

एवढ्याशा द्रव्याची इतकी काळजी कशासाठी? गळ्यातील थायरॉइड ग्रंथीला आपला रस तयार करायला आयोडीन लागतं. ते कमी पडलं की ग्रंथी सुजते; यालाच आपण गलगंड म्हणतो. पण खरा धोका त्याहून मोठा आहे. गरोदर बाईला आयोडीन फार कमी पडलं तर पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते आणि ते नुकसान पुढे भरून येत नाही.

हिमाचलातील कांगडा खोऱ्यात गलगंड फार होता. तिथे १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन विभाग पाडून प्रयोग सुरू केला. एका विभागात आयोडाइडचं मीठ दिलं, दुसऱ्यात आयोडेटचं, तिसऱ्यात साधं. काही वर्षांत पहिल्या दोन विभागांतील मुलांचे गलगंड पुष्कळ कमी झाले. १९६२ साली देशात गलगंड नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

"आमच्या मिठागराचं मीठ समुद्राचंच, त्यात आयोडीन असणारच," असं कोणी म्हणेल. समुद्राच्या पाण्यात ते असतं, पण अत्यल्प. आणि मिठाचे खडे बनताना त्यातलं बहुतेक मागे उरलेल्या कडू पाण्यात राहतं. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. गिऱ्हाइकाच्या हाती पडणाऱ्या किलोभर मिठात ते निदान १५ मिलिग्रॅम असावं, असा दंडक आहे. मात्र आयोडीन मिळावं म्हणून मीठ जास्त खाऊ नये. त्याने रक्तदाब वाढतो.

खडेमीठ आणलंत तर ते धुऊ नका. आयोडेटाचं पाणी खड्यांवर फवारलेलं असतं, ते धुण्याबरोबर वाहून जाईल. मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत, चुलीच्या वाफेपासून आणि उन्हापासून दूर ठेवा. आमटी-भाजीत ते शेवटी-शेवटी घाला.

शिक्षकांनी वर्गात आणखी एक गंमत दाखवावी. निळी झालेली पेज तापवली की रंग जातो, आणि गार होऊ लागली की पुन्हा येतो. वेटोळ्यांतून आयोडीन सुटतं आणि परत शिरतं, हे मुलांना डोळ्यांनी पाहता येईल.