सर्वांचा संगणक

ग्रंथालय म्हणजे ग्रंथांचे घर, ही आपली जुनी समजूत. परंतु आज अनेक ग्रंथालयांत कपाटांच्या शेजारी संगणकही मांडलेले असतात आणि त्यांवर वाचकांस इंटरनेट वापरता येते. ज्याच्या घरी संगणक नाही, त्याला ही मोठीच सोय होय. कोणी शिष्यवृत्तीचा अर्ज भरतो, कोणी परीक्षेचा निकाल पाहतो, तर एखादा शेतकरी आपल्या जमिनीचा सातबारा पाहतो.

ग्रंथ घरी नेऊन सावकाश वाचता येतो; संगणक मात्र जागचा हलत नाही. म्हणून ग्रंथपालांना वेळेची वाटणी करावी लागते. समजा, ग्रंथालयात ४ संगणक आहेत आणि ते दिवसातून ६ तास वापरता येतात. प्रत्येकास अर्धा तास दिला, तर ४८ वाचकांची सोय होते. तेच प्रत्येक जण तीन तास बसून राहिला, तर अवघ्या ८ जणांची होते आणि ४० जण रिकाम्या हातांनी परततात. त्यांतील एखाद्या मुलीच्या अर्जाची मुदत त्याच दिवशी संपत असेल, तर तिचे वर्ष वाया जाईल! यासाठी नोंदवहीत नाव लिहावे, पाळी आली की बसावे आणि वेळ संपताच उठावे. मागे कोणी थांबलेले नसेल, तर ग्रंथपाल वेळ वाढवूनही देतात.

दुसरी गोष्ट विश्वासाची. आपण जे पाहतो, त्याच्या खुणा संगणकात उरतात. खाते उघडे ठेवून कोणी उठला, तर मागून येणाऱ्यास त्याची खाजगी पत्रे सहज वाचता येतील. काही ठिकाणी एका वाचकाचे काम संपताच या खुणा आपोआप पुसल्या जातील, अशी योजना केलेली असते. तथापि सारा भार यंत्रावर टाकू नये. उठण्यापूर्वी आपले खाते आठवणीने बंद करावे, परवलीचा शब्द संगणकात साठवू नये आणि शेजाऱ्याच्या पडद्यावर डोकावू नये.

थोर ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयांसाठी पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळावा, हा त्यांतील दुसऱ्या सूत्राचा आशय. त्या काळी ग्रंथालयांत संगणक नव्हते. परंतु हे सूत्र आज त्यांनाही तितकेच लागू पडते. आपले काम आटोपून वेळेवर उठणारा वाचक दुसऱ्यासाठी ग्रंथालयाचे दारच उघडून देत असतो.