हॉटस्पॉटमागचा 0 आणि 1

गंगापुरातली एखादी विद्यार्थिनी अँड्रॉइड फोनचं हॉटस्पॉट सुरू करते आणि लॅपटॉपवर इंटरनेट येतं. फोनमध्ये नेमकं काय बदलतं?

अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा आहे. एका जाळ्यातून आलेली माहितीची पाकिटं दुसऱ्या जाळ्यात पुढे पाठवायची की नाही, हे त्यातली ‘आयपी फॉरवर्ड’ ही सेटिंग ठरवते. मुळात ती 0 असते. हॉटस्पॉट सुरू झालं की 1 होते. फोन त्या क्षणी राउटर बनतो!

अशा शेकडो सेटिंग्ज कर्नल ‘प्रॉक’ नावाच्या आभासी फोल्डरात फाइलींसारख्या मांडतो. या फाइली डिस्कवर नसतात. वाचायला गेलं की कर्नल आपल्या स्मृतीतलं मूल्य दाखवतो, लिहिलं की तेच बदलतं. तेच काम ‘सिस-सीटीएल’ या आज्ञेनेही होतं. मात्र मशीन पुन्हा सुरू केलं की बदल पुसला जातो. तो टिकवायचा तर कॉन्फिगरेशन फाइलमध्ये नोंदवावा लागतो.

सर्वांत रंजक सेटिंग गर्दी-नियंत्रणाची. नाथसागर जलाशयातून विसर्ग सोडताना खालच्या पात्राची क्षमता बघावी लागते. पाकिटं पाठवण्याचा ‘टीसीपी’ हा नियमसंचही वाटेची क्षमता पाहून वेग ठरवतो. 2006पासून लिनक्समध्ये मुळात ‘क्युबिक’ पद्धत आहे. ती मुख्यतः पाकीट हरवलं की वेग कमी करते. गूगलची ‘बीबीआर’ पद्धत 2016मध्ये 4.9 आवृत्तीत आली. ती उपलब्ध वेग आणि जाण्या-येण्याचा वेळ मोजून अंदाज बांधते.

या सेटिंग्जवर प्रयोग करायचाच असेल, तर आधीचं मूल्य वहीत टिपून ठेवावं.

#लिनक्स #गंगापूर