खोऱ्यांचा पाऊस, पुराचा हिशेब

पूर आला की नदीला दोष देण्याची आपली जुनी खोड आहे. नदी कोपली, नदीने पात्र सोडले, अशा भाषेत आपण बोलतो. परंतु पात्र नदीने सोडले की नदीचे पात्र माणसाने बळकावले, हा प्रश्न पूर ओसरण्याबरोबरच ओसरतो. भोर आणि वेल्हे या दोन डोंगरी तालुक्यांतील नद्यांचा भूगोल व इतिहास पाहिला, तर या प्रश्नाला बगल देता येत नाही.

सह्याद्रीच्या माथ्यावर नैऋत्य मोसमी वारे अडतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये तेथे पाऊस अक्षरशः कोसळतो. पूर्वेकडे जावे तसा तो झपाट्याने विरळ होतो. पुढे पुरंदर व बारामतीचा अवर्षणप्रवण पट्टा लागतो. माथ्यावर काळा बसाल्ट, त्यावर मातीचा पातळ थर आणि तीव्र उतार. पाणी मुरण्यापेक्षा वाहून जाते अधिक, आणि ओढ्याची नदी व्हायला काही तास पुरतात. म्हणूनच येथल्या पूर्वजांनी मुलूख मोजला तो खोऱ्यांनी. हिरडस मावळ, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे, मोसे खोरे ही नावे पाहावीत. यांतील बहुतेक नावे नद्यांशी जोडलेली आहेत. शिवकाळातील देशमुखीचे वतनही खोऱ्याच्याच हिशेबाने चाले.

आज राजगड हे नवे नाव मिळालेल्या वेल्हे तालुक्याचे वैशिष्ट्य असे, की त्याचे पाणी दोन वाटांनी जाते. पाबे घाटाच्या डोंगररांगेच्या उत्तरेस पडलेला पाऊस आंबी नदीतून मुठेला मिळून पुण्यातून पुढे भीमेत व उजनी जलाशयात जातो. दक्षिणेस पडलेला पाऊस कानंदी व गुंजवणीतून नीरेला मिळतो. भोर शहराजवळून वाहणारी नीरा वेळवंडीचे पाणी घेऊन पूर्वेकडे जाते आणि नरसिंहपूर येथे, म्हणजे उजनी धरणाच्या खाली, भीमेला भेटते. एका डोंगराच्या दोन अंगांवर पडलेला पाऊस असा पुन्हा एकत्र येतो. उजनी व वीर या दोन्ही धरणांतून एकाच वेळी विसर्ग झाला, की पंढरपूरचे वाळवंट पाण्याखाली का जाते, याचे उत्तर या नकाशात आहे.

या पाण्याला बांध घालण्याचा उद्योग जुना आहे. वेळवंडीवर भाटघर येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धरण झाले, आणि 1928 मध्ये त्याच्या जागी मोठे धरण उभे राहिले. त्या पाण्यावर बारामती, इंदापूर, फलटण व माळशिरस येथे ऊस उभा राहिला. वेळवंड खोऱ्यातील सुपीक जमीन मात्र जलाशयाच्या तळाशी गेली. उन्हाळ्यात पाणी उतरले, की कांबरेश्वराचे मंदिर उघडे पडून त्याची साक्ष देते.

धरण पूर रोखते हे खरे. पण धरणावरील माणसाची घाई पूर आणूही शकते, हे 12 जुलै 1961 या दिवसाने शिकवले. आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण पूर्ण झालेले नव्हते. दरवाजांचे काम अपुरे असतानाच त्यात पावसाळ्याचे पाणी साठले. मोरीवरचा भराव खचू लागला. जवानांनी वाळूची पोती रचून रात्रभर झुंज दिली, तरी सकाळी धरण फुटले. त्याच दिवशी खालचे खडकवासला धरणही गेले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त झाल्या. त्या वर्षी पाऊस मोठा होता, हे कोणी नाकारत नाही. परंतु अपुऱ्या धरणात पाणी अडवण्याचा निर्णय काही पावसाने घेतला नव्हता.

पानशेत पुन्हा बांधले गेले. पुढे नीरा-देवघर आणि गुंजवणी ही धरणेही झाली. तरीही 25 जुलै 2024 रोजी खडकवासल्यातून सोडलेले पाणी पुण्यात सिंहगड रस्त्यावरील एकता नगरीच्या घरांत शिरले. या वेळी कोणतेही धरण फुटले नव्हते. धरण जोपर्यंत रिकामे असते तोपर्यंतच ते पूर पोटात घेते. ते भरले, की आलेले पाणी पुढे सोडण्यावाचून गत्यंतर नसते. पाटबंधारे खात्याला उन्हाळ्याच्या भयाने धरण लवकर भरावेसे वाटते, आणि पुराच्या भयाने ते रिकामे ठेवावेसे वाटते. ही ओढाताण खरी आहे; ती सोडविण्यासाठी माथ्यावरील पावसाची वेळेवर व दाट नोंद हवी, आणि विसर्गाची सूचना काठावरच्या शेवटच्या घरापर्यंत रात्रीसुद्धा पोहोचली पाहिजे.

त्याहूनही निकडीची गोष्ट म्हणजे पूररेषेचा मान राखणे. भराव घालून अरुंद केलेल्या पात्रातून पूर्वीइतकाच विसर्ग पूर्वीपेक्षा अधिक उंचीने वाहतो, हे साधे गणित आहे. ज्या खोऱ्यांनी जमीन देऊन खालच्या मुलखाची तहान भागवली, त्यांच्या पदरी पुराचा दोषही टाकणे अन्यायाचे होईल. डोंगरातला पाऊस कमी करणे कोणाच्या हाती नाही. त्याची वाट मोकळी ठेवणे मात्र नगरपालिका, पाटबंधारे खाते आणि काठावर घर घेणारा नागरिक या तिघांच्याही हाती आहे.