पोलंडची वीस वर्षे : चलन स्थिरावले, सत्ता नव्हे

स्वातंत्र्य मिळविणे आणि राज्य उभारणे या दोन निराळ्या कसोट्या आहेत, याचा प्रत्यय पहिल्या महायुद्धानंतर जन्मलेल्या युरोपीय राष्ट्रांना फार लवकर आला. पोलंड हे त्याचे बोलके उदाहरण. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने १७९५ मध्ये नकाशावरून पुसलेला हा देश १२३ वर्षांनी, नोव्हेंबर १९१८ मध्ये पुन्हा उभा राहिला. मात्र वारसा मिळाला तो तीन साम्राज्यांच्या तुकड्यांचा. कायदे वेगळे, करपद्धती वेगळ्या, बाजारात रूबल, मार्क आणि क्राउन एकाच वेळी. रशियन भागातील रुळांची रुंदीदेखील निराळी.

सोव्हिएत रशियाशी झालेले युद्ध मार्च १९२१ च्या रिगा तहाने संपले. पूर्वेकडे विस्तीर्ण प्रदेश हाती आला आणि त्यासोबत युक्रेनी व बेलारूसी प्रजाही आली. ज्यू आणि जर्मन नागरिक धरता, लोकसंख्येचा जवळपास एक तृतीयांश भाग पोलिश नव्हता. याच महिन्यात संसदेला सर्वाधिकार देणारी राज्यघटना स्वीकारली गेली. डिसेंबर १९२२ मध्ये गाब्रिएल नारुतोविच हे पहिले राष्ट्राध्यक्ष निवडले गेले. परंतु अल्पसंख्याक सदस्यांच्या मतांवर निवडून आले म्हणून उजव्या गटांनी त्यांच्याविरुद्ध रान उठविले. शपथविधीनंतर पाचव्याच दिवशी एका चित्रप्रदर्शनात त्यांची हत्या झाली. अल्पसंख्याकांचे मत समान मानायचे की नाही, हा प्रश्न नव्या प्रजासत्ताकाला असा रक्तरंजित स्वरूपात भेटला.

अर्थकारण त्याहून बिकट होते. नोटा छापून खर्च भागविण्याच्या पद्धतीने १९२३ मध्ये पोलिश मार्क मातीमोल झाला. पंतप्रधान व्लादिस्लाव ग्राब्स्की यांनी संपत्तीवर कर बसविला, स्वतंत्र मध्यवर्ती बँक स्थापली आणि एप्रिल १९२४ मध्ये झ्लॉटी हे नवे चलन आणले. एका झ्लॉटीसाठी १८ लाख जुने मार्क मोजावे लागले. लगेच १९२५ मध्ये जर्मनीने पोलिश कोळशाची वाट अडवून जकातयुद्ध पुकारले. त्याला उत्तर होते ग्दिनिया. डान्झिग बंदर राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली असल्याने त्यावर विसंबता येत नव्हते. म्हणून एका कोळीवाड्याच्या जागी पोलंडने स्वतःचे बंदर बांधले. १९२६ मधील ब्रिटिश खाणकामगारांच्या संपामुळे स्कँडिनेव्हियाची बाजारपेठ खुली झाली आणि ग्दिनिया बाल्टिक समुद्रातील अग्रगण्य बंदर बनले.

प्रशासनाला जे साधले ते राजकारणाला साधले नाही. सरकारे येत-जात राहिली. मे १९२६ मध्ये मार्शल पिल्सुडस्की यांनी सैन्याच्या बळावर सत्ता घेतली. वॉर्सातील तीन दिवसांच्या चकमकीत तीनशेहून अधिक माणसे मारली गेली. १९३० मध्ये विरोधी नेते तुरुंगात गेले, १९३५ च्या घटनेने अध्यक्षांना सर्वोच्च अधिकार दिले. मंदीच्या काळात चलनाची सुवर्णपत राखण्याच्या हट्टापायी शेतमालाचे भाव कोसळू दिले गेले; खेड्यांत काडेपेटीतील एका काडीचे चार तुकडे करून वापरण्याची वेळ आली. ग्दिनियाचे शिल्पकार क्वियात्कोव्स्की यांनी १९३६ पासून मध्यवर्ती औद्योगिक पट्टा उभारावयास घेतला, पण त्याला जेमतेम तीन वर्षे मिळाली.

सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून सोव्हिएत संघ चालून आले. दोन महासत्तांपुढे कोणतीही अंतर्गत सुधारणा पुरी पडली असती, असे म्हणता येणार नाही. तरीही त्या संकटाच्या क्षणी देशातील एक तृतीयांश नागरिकांना हे राज्य आपले वाटावे, अशी व्यवस्था वीस वर्षांत उभी राहिली नव्हती, ही नोंद पुसता येत नाही.

पूर्व प्रांतांतून सोव्हिएत राजवटीने हद्दपार केलेली अनेक कुटुंबे पुढे इराणमार्गे भारतात आली. त्यांपैकी सुमारे पाच हजार जण १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळील वळिवडे येथे राहिले. वॉर्सातील कोल्हापूर स्मारकाला ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी पुष्पचक्र वाहिले. वळिवड्याच्या छावणीतील अनेकांना परतण्यासाठी गाव उरले नव्हते. युद्धानंतर त्यांचे प्रांत सोव्हिएत संघात सामील झाले होते.