भासाचे बांधकाम

निपाणीहून कोल्हापूरला जाताना कोगनोळी मागे पडते, दूधगंगा ओलांडली जाते आणि कागल लागते. या गावच्या गैबी पिराचा उरूस गहिनीनाथांच्या नावाने भरतो आणि हिंदू-मुसलमान दोघेही त्यात सारख्याच भक्तीने मिसळतात. चित्रपटसृष्टीत ‘साहेबमामा’ म्हणून ओळखले गेलेले शेख फत्तेलाल हे याच कागलचे. नाथपरंपरेत गहिनीनाथांचे गुरू गोरक्षनाथ आणि गोरक्षनाथांचे गुरू मच्छिंद्रनाथ. त्या मच्छिंद्रनाथांच्या मायेची नगरी रुपेरी पडद्यावर उभी करण्याचे काम पुढे कागलच्या या कलावंताकडे यावे, हा योगायोग मोठा मनोज्ञ म्हटला पाहिजे.

‘मायामच्छिंद्र’ हा बोलपट प्रभात फिल्म कंपनीने १९३२ साली कोल्हापुरात काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, कॅमेरा केशवराव धायबर यांचा, ध्वनिलेखन विष्णुपंत दामल्यांचे आणि कलादिग्दर्शन फत्तेलाल यांचे. मच्छिंद्रनाथांची भूमिका गोविंदराव टेंबे यांनी, गोरखनाथांची मास्टर विनायक यांनी आणि स्त्रीराज्याची राणी किलोतळा हिची दुर्गाबाई खोटे यांनी केली. ज्या घरांतून नवनाथांची पोथी वाचली जाते, त्यांना ही कथा नव्याने सांगावयास नको. संसार व्यर्थ म्हणून शिकविणारा गुरूच एका राणीच्या मोहात गुंतलेला दिसतो आणि शिष्य त्याला सोडविण्यासाठी धावून येतो. चित्रपटात अखेरीस उलगडते ते असे, की ते राज्य, तो मोह, तो सारा संसार ही गुरूने शिष्याच्या शिक्षणासाठी निर्माण केलेली माया होती.

कलादिग्दर्शकाची खरी अडचण येथेच होती. जे मुळात नाहीच, ते दाखवावयाचे कसे? रंगभूमीवर रंगविलेला पडदा सोडला की प्रेक्षक उरलेले आपल्या कल्पनेने भरून काढतो. पण कॅमेरा भोळा नाही. पडद्याची सुरकुती तो सुरकुती म्हणूनच टिपतो. शिवाय या कथेत माया उघडी पडून चालत नव्हते, कारण गोरखनाथ फसला पाहिजे आणि त्याच्याबरोबर प्रेक्षकही फसला पाहिजे. तेव्हा मायानगरीचे खांब खऱ्या नगरीच्या खांबांइतकेच भक्कम दिसणे भाग होते. जितका भास मोठा, तितके सुतारकाम पक्के!

हा धडा फत्तेलाल यांनी बाबुराव पेंटर यांच्या हाताखाली गिरविला होता. आनंदराव आणि बाबुराव हे पेंटरबंधू नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवून नावारूपाला आले. आनंदराव १९१६ साली वारले. पुढे बाबुरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली. पडदे रंगविण्यात हयात गेलेल्या या माणसाने चित्रपटातून रंगविलेला पडदा हद्दपार करून त्या जागी लांबी-रुंदी-खोली असलेले देखावे बांधावेत, यात त्यांची दृष्टी दिसते. त्यांचा कॅमेरासुद्धा सहकाऱ्यांच्या मदतीने कोल्हापुरातच घडविलेला होता. ‘सैरंध्री’तील कीचकवध इतका खरा वठला, की सेन्सॉरने तो कापावयास लावला. ज्या दृश्यात कोणाचाही केस वाकडा झाला नव्हता, ते पाहवेना, याहून मोठी पावती कारागिराला ती कोणती?

फत्तेलाल, दामले, धायबर आणि शांताराम हे सारे त्याच कंपनीत तयार झाले. १९२९ साली सीताराम कुलकर्णी यांच्यासह पाचांनी मिळून प्रभात स्थापन केली.

त्या काळी चित्रे कृष्णधवल असत. म्हणून देखावा रंगविताना लाल दिसतो कसा यापेक्षा तो करड्याच्या कोणत्या छटेत उतरेल, हे आधी डोळ्यांपुढे आणावे लागे. खांब उठून दिसावयाचा तर त्यामागची भिंत काळवंडलेली हवी. राणीचा पोशाख झळकावयाचा तर सिंहासनाने मागे सरले पाहिजे. दिवा कोठे ठेवावयाचा हे ठरविणारा छायालेखक आणि भिंत कोठे घालावयाची हे ठरविणारा चित्रकार यांचे एकमत नसेल, तर लाकूड आणि प्लास्टर यांवरचा खर्च फुकट जाई.

चमत्काराची युक्ती ऐकावयास सोपी आहे. कॅमेरा थांबवावा, पात्राने दूर व्हावे, कॅमेरा पुन्हा सुरू करावा. पडद्यावर माणूस क्षणात नाहीसा होतो. त्याला हळूहळू विरवावयाचे असेल तर भिंगाचे छिद्र सावकाश मिटवावयाचे, फीत उलटी गुंडाळावयाची आणि त्याच फितीवर रिकामी जागा सावकाश उजळवीत टिपावयाची. मात्र या अवधीत कॅमेरा केसभर हलला की भिंती थरथरतात आणि माया फसते. दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने टिपून काही क्षणांत दाखविली, तिच्यामागेही हाच संयम होता.

‘मायामच्छिंद्र’मध्ये किलोतळेजवळ चित्ता दिसतो. कोल्हापूरच्या राजघराण्यात शिकारीसाठी चित्ते पाळण्याची प्रथा होती, त्यामुळे त्या नगरीला हा प्राणी अपरिचित नव्हता. एवढ्या माया-भासाच्या पसाऱ्यात हे एक जनावर मात्र अस्सल! राणीचा दरारा सांगावयास मग वेगळा संवाद लागत नाही. चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत घेतला गेला. म्हणजे तोच देखावा दोनदा उभा राहावयाचा, तोच मोह दोन भाषांत व्हावयाचा.

प्रभात १९३३ साली पुण्यास गेली. पुढच्या वर्षीच्या ‘अमृतमंथन’मध्ये राजगुरूचा एकच डोळा सारा पडदा व्यापतो, आणि देवीच्या मंदिरातील अंधार हेच जणू एक पात्र होते. १९३६ साली दामले व फत्तेलाल यांनी स्वतः दिग्दर्शित केलेल्या ‘संत तुकाराम’मध्ये पक्ष्याच्या आकाराचे विमान देहूत उतरते. आजच्या नजरेला त्याचे यंत्रपण लपत नाही, हे कबूल केले पाहिजे. तरी ते दृश्य हसू आणीत नाही. त्याआधी दोन तास घर, चूल, म्हैस आणि जिजाईची तळमळ इतक्या खरेपणाने दाखविलेली असते, की शेवटच्या चमत्काराला प्रेक्षक आपण होऊन जागा देतो.

या कारागिरीचा वारसा मात्र फार तुटपुंजा उरला आहे. बाबुरावांची ‘सैरंध्री’ नष्ट झाली. त्यांच्या मूकपटांपैकी जे हाती आहे ते तुकड्यांच्या रूपात. प्रभात १९५३ साली बंद पडली. फत्तेलाल १९६४ साली निवर्तले. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात प्रभातच्याच जुन्या आवारातील कोठाराला आग लागून जुन्या नायट्रेट फिती भस्मसात झाल्या. अनेक चित्रपट आधीच सुरक्षित फितीवर उतरवून ठेवले होते म्हणून वाचले. देखाव्यांचे लाकूड तर चित्रण संपताच दुसऱ्या कामाला लागत असे. साहेबमामांनी बांधलेले महाल आज केवळ फितीवरच्या उजेडात उभे आहेत.

त्या आवारात १९६० पासून चित्रपटशिक्षणाची संस्था आहे. प्रभातचे मोठे चित्रीकरणदालन अजून वापरात आहे. विद्यार्थी तेथे भिंती उभारतात, दिवे लावतात आणि काम झाले की भिंती उतरवून ठेवतात.