पेटीला वाट, खुर्चीला उंबरा

समुद्रापासून चारशे किलोमीटर आत वाढलेल्या माणसाला बंदरांचं वेड लागायचं काही कारण नाही, पण मला ते लागलं. मुंबईच्या वर्तमानपत्रात बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांची बारीक टायपातली यादी असायची. ती जालन्याला शिळी होऊन पोचायची, तरी मी बाजारभावांच्या आधी तीच वाचायचो. पुढे घरात व्हीलचेअर आली आणि वेडाची दिशा बदलली. बंदरात काय उतरतं यापेक्षा ते कसं उतरतं, हे मी शोधू लागलो.

जालन्याचं स्वतःचं बंदर आहेच की! २५ डिसेंबर २०१५ रोजी दरेगावला ड्रायपोर्टचं भूमिपूजन झालं. पुढे काम कसं रेंगाळलं, हे जालनेकरांना पाठ आहे. ते रडगाणं इथे नको. त्यामागची कल्पना मात्र बघण्यासारखी आहे. जालन्याची सळई, बियाणं, कापूस इथेच कंटेनरमध्ये भरायचा, कस्टम्सचं सील इथेच लावायचं आणि पेटी रेल्वेने थेट जवाहरलाल नेहरू बंदरात न्यायची. मधे ती कुणी उघडायची नाही, माल डोक्यावरून वाहायचा नाही.

ही किमया माल्कम मॅकलीन नावाच्या अमेरिकन ट्रकवाल्याची. २६ एप्रिल १९५६ रोजी त्याचं ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. हमालांकरवी माल चढवायला टनामागे ५ डॉलर ८६ सेंट पडत; पेटीने तेच काम सुमारे १६ सेंटांत झालं. पुढे आंतरराष्ट्रीय मापं ठरली : रुंदी ८ फूट, लांबी २० किंवा ४० फूट, कोपऱ्यांतली कुलपाची भोकं सगळीकडे एकसारखी. ट्रक, रेल्वे, क्रेन, जहाज या सगळ्यांनी पेटीच्या मापाने स्वतःला बदलून घेतलं. जगात कुठल्याही बंदरात पेटीला कुणी विचारत नाही की, बाई, दोन पायऱ्या चढता येतील का?

आता त्या पेटीच्या जागी व्हीलचेअर ठेवा आणि जालन्याहून मुंबईच्या क्रूझ जहाजापर्यंत, तिथून घारापुरीपर्यंत न्या.

पहिला उंबरा जालना स्टेशनातच. उंच फलाट रुळापासून ७६ ते ८४ सेंटिमीटरवर असतो आणि एरवीच्या डब्याचा तळ सव्वा मीटरच्या वर. म्हणजे हातभर चढ, तोही अरुंद दारातून. ३० डिसेंबर २०२३ला जालना–मुंबई वंदे भारत सुरू झाली. ऑगस्ट २०२५मध्ये ती नांदेडपर्यंत वाढली. तिच्या टोकाच्या डब्यांत व्हीलचेअरसाठी राखीव जागा आणि मोठं स्वच्छतागृह आहे. पण आत जागा असणं वेगळं आणि आत जाता येणं वेगळं. फलाटावर रॅम्प आणि तो लावणारा माणूस मिळाला तर प्रवास. नाही तर चार हमाल आणि ‘सांभाळा हो, सांभाळा’.

मधला प्रवास सोडून देऊ. सीएसएमटीहून बॅलार्ड पिअर हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झालं. इमारत चार लाख चौरस फुटांहून मोठी, वर्षाला दहा लाख प्रवासी हाताळायची क्षमता. अशा इमारतीत लिफ्ट असते, जहाजावर रुंद दारांच्या खोल्या असतात. म्हणजे साखळीची दोन्ही टोकं चकचकीत. घोटाळा मधल्या दीड किलोमीटरात आहे.

मुंबईतल्या अशाच फुटपाथांचा एक दस्तऐवज सापडला आणि मी तिथेच रमलो. तो आहे एक ई-मेल. २०२३मध्ये मुंबईतल्या व्हीलचेअर वापरणाऱ्या एका तरुणाने तो मुंबई उच्च न्यायालयाला पाठवला. तक्रार साधी : फुटपाथच्या तोंडाशी पालिकेने खांब रोवले आहेत आणि दोन खांबांमधून व्हीलचेअर जात नाही. न्यायालयाने त्या ई-मेलचीच जनहित याचिका करून घेतली आणि पालिकेला जाब विचारला. यातली गंमत कडू आहे. खांब कुणी दुष्टपणाने लावले नव्हते. फुटपाथवर मोटारसायकली चढू नयेत, पादचाऱ्याला मोकळं चालता यावं म्हणूनच लावले होते. मोटारसायकल अडवणाऱ्या फटीतून व्हीलचेअर जाईल का, हे टेप लावून बघायचं मात्र राहून गेलं.

इंग्लंडमध्ये सेल्विन गोल्डस्मिथ नावाच्या वास्तुविशारदाने हे मोजायचं काम केलं होतं. १९५६ साली, म्हणजे मॅकलीनची पेटी निघाली त्याच वर्षी, त्याला पोलिओ झाला. नॉरिच शहरात तो व्हीलचेअर वापरणाऱ्यांना गाठून बोलला आणि १९६७मध्ये तिथे फुटपाथच्या कडा १५ ठिकाणी रस्त्याच्या पातळीला उतरवल्या गेल्या. फक्त पंधरा! आज त्या उतारावरून बाळाच्या गाड्या, पिठाच्या पिशव्या, म्हातारी माणसं सगळीच जातात.

मुंबईतही अशी बुद्धी एका माणसाला पूर्वी झाली होती. त्याचं नाव आपण रोज घेतो, माणूस मात्र विसरलो. भाऊचा धक्का म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य, ऊर्फ भाऊ यांचा धक्का. पाठारे प्रभू समाजातले हे गृहस्थ कुलाब्याच्या तोफगाड्यांच्या कारखान्यात नोकरीला होते. त्या काळी कोकणातून गलबतं यायची, पण ओहोटी असली की प्रवाशांना चिखल तुडवत किंवा कुणाच्या पाठुंगळी बसून किनारा गाठावा लागे. भाऊंनी शहरातला कचरा भरावाला वापरून समुद्र हटवला आणि १८४१ साली धक्का उभा केला. (आजचा धक्का मूळ जागेवर नाही, तो माझगावला आहे.) मुंबईच्या इतिहासात शेटजींच्या पुतळ्यांना जागा आहे, या कारकुनाला नाही. माझ्या मते प्रवाशाचे पाय हा बंदराचा प्रश्न आहे, हे मुंबईत आधी त्याला कळलं.

भाऊंच्या धक्क्याने चिखल सुटला, भरती-ओहोटी सुटली नाही. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरहून अधिक वरखाली होतं. घारापुरीच्या लाँच जिथून सुटतात, त्या गेटवे ऑफ इंडियाला म्हणूनच पायऱ्या आहेत. पाणी कुठेही असो, एखादी पायरी लाँचच्या काठाशी येतेच. धडधाकट माणसाला ही युक्ती उत्तम. व्हीलचेअरचा उतार मात्र बाराला एक हवा, म्हणजे एक मीटर चढायला बारा मीटर लांबी. चार मीटरला अठ्ठेचाळीस! तेवढा रॅम्प गेटवेला कुठे बांधणार? उपाय तरंगत्या धक्क्याचा, जो पाण्याबरोबर वर-खाली होतो. हे अवघड शास्त्र नाही. मार्च २०२०पासून भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट चालते, तिच्यात गाडी सरळ आत जाते. गाडीत बसलेल्या माणसाला पायरीच लागत नाही. गाड्यांसाठी जे जमलं ते गेटवेच्या माणसांसाठी अजून जमायचं आहे. तिथे कधी एका लाँचवरून दुसरीवर ढेंग टाकून जावं लागतं, आणि बोटीवरचा पोऱ्या ‘हात द्या काका’ म्हणतो, हीच आपली सुगम्यता.

तासाभराने घारापुरी. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी, पुढे लेण्यांपर्यंत सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. तिथे डोलीवाले उभे असतात : दोन दांड्यांना बांधलेली खुर्ची, चार खांदे आणि दोन्ही बाजूंना दुकानं. डोलीवाल्यांच्या कष्टाबद्दल आदरच आहे आणि त्यांच्या पोटावर पाय यावा असं मुळीच म्हणायचं नाही. पण खुर्चीत उंच बसून गर्दीतून जाताना माणूस दांड्या घट्ट धरतो आणि कुणाच्या नजरेला नजर देत नाही, हे एकदा जवळून बघावं. १८४१च्या आधीचा पाठुंगळीचा प्रवासी आणि हा, यांत फरक किती?

‘हे सगळं हळूहळू होईल’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक निकाल. राजीव रतुरी या दृष्टिहीन कार्यकर्त्याने २००५ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठाने ‘फाइंडिंग साइझेस फॉर ऑल’ नावाचा अहवाल न्यायालयाला दिला. वाद वरवर किरकोळ होता. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा सुगम्यता सक्तीची करतो, पण त्याखालच्या २०१७च्या नियमांतला १५वा नियम मापांना नुसत्या मार्गदर्शक सूचनांवर सोडून देत होता. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि तीन महिन्यांत सक्तीचे किमान निकष करा असा आदेश केंद्राला दिला. त्याच दिवशी अलीगढ विद्यापीठाचा निकाल लागला आणि सरन्यायाधीश चंद्रचूड यांचा तो शेवटचा कामाचा दिवस होता. चॅनेलांना दोन्ही विषय पुरले. रतुरी कुणी वाचला नाही. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम्य करण्याची कायद्यातली पाच वर्षांची मुदतही जून २०२२मध्येच उलटून गेली आहे.

म्हणून मुंबईला नावं ठेवून थांबण्यात अर्थ नाही. जालना २०२३मध्ये महानगरपालिका झाली. जालना आणि परतूर ही दोन्ही स्थानकं अमृत भारत योजनेत आहेत. म्हणजे आपल्याकडे फलाट, रस्ते, फुटपाथ नव्याने होणार, आणि नव्याने बांधताना उतार जवळपास फुकट मिळतो; नंतर फोडून करायचा तर निविदा, वाद आणि दहा वर्षं. पालिकेच्या, बँकेच्या, तहसीलच्या दारात टेप लावा. एक फूट चढाला बारा फूट उतार नसेल, तर अधिकाऱ्याला लेखी कळवा. पोच मिळालीच पाहिजे. उत्तर आलं नाही, तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. दरेगावच्या पेटीसाठी सरकारने रूळ टाकायची तयारी ठेवली आहे. माणसासाठी सिमेंटचा एक उतार मागायला आपल्याला संकोच कसला?